ओढ्याचं पाणी दारात यायच्या आधी : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात आपण पुण्याचा पाऊस आणि रस्त्यावर तुंबणारं पाणी यावर प्रश्न मागवले होते, आणि खरं सांगतो इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. कात्रज, धायरी, बाणेर, येरवडा, सगळीकडून आली. बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच आहे, हे सेन्सर, ॲप, कॅमेरे लावून पाणी तुंबायचं थांबणार आहे का. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापली नाहीत, फक्त भाग दिलाय.

प्रश्न : आम्ही अरण्येश्वरजवळ ओढ्याकाठच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही जेवणं उरकून आवरत होतो, बघता बघता पाणी कमरेपर्यंत आलं. सासूबाईंना उचलून वरच्या मजल्यावर नेलं, बाकी सगळं गेलं. तेव्हापासून रात्री पावसाचा जोर वाढला की माझी झोप उडते. आता सोसायटीत चाललंय की वर्गणी काढून ओढ्यावर सेन्सर लावू. त्याने खरंच काही होईल की पैसे वाया जातील? (एक गृहिणी, अरण्येश्वर)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्या पावसात शहर आणि जिल्हा मिळून वीसपेक्षा जास्त माणसं गेली, आणि तुम्ही लिहिलंय तेच त्या रात्रीचं सगळ्यात वाईट होतं, की पाणी येतंय हे पाणी आल्यावर कळलं.

तुमच्या घरात जे शिरलं ते बहुतेक तुमच्या गल्लीत पडलेल्या पावसाचं पाणी नव्हतंच, ते वरून आलं, कात्रजच्या डोंगरातून. आंबील ओढा तिथून निघतो आणि कात्रज तलाव, धनकवडी, पद्मावती, सहकारनगर करत तुमच्या मागून दांडेकर पुलाकडे जातो, मग मुठेला मिळतो. पेशव्यांच्या काळात याच ओढ्यावर कात्रजला तलाव बांधून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं होतं, पर्वतीखाली त्याचा प्रवाहही वळवला होता. म्हणजे हा ओढा किती पाणी आणतो हे गावाला अडीचशे वर्षांपासून माहिती आहे, उन्हाळ्यात तो गटारासारखा दिसतो म्हणून आपण विसरतो.

आता एक साधं गणित करू. तलावापासून तुमच्यापर्यंत ओढ्याच्या वाटेने साधारण चार किलोमीटर धरा. पुराचं पाणी सेकंदाला दोन मीटर धावतं असं धरलं तर दोन हजार सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटं, आणि फारच जोर असेल, सेकंदाला तीन मीटर, तर बावीस मिनिटं. हे अंदाजाचे आकडे आहेत पण सेन्सरचे पैसे द्यायचे ते याच वीस-तीस मिनिटांसाठी. सासूबाईंना शांतपणे जिन्याने वर नेता येईल, गॅस बंद करता येईल, मेन स्विच पाडता येईल, कागदपत्रांची पिशवी उचलता येईल, एवढं त्या वेळात नक्की होतं.

म्हणून पहिली गोष्ट, सेन्सर तुमच्या सोसायटीच्या मागे लावू नका. तिथे लावला तर तो तुम्हाला तेच सांगेल जे खिडकीतून दिसतंय. तो वर लावायचा, धनकवडीच्या वरच्या अंगाला एखाद्या पुलाखाली, आणि दुसरा मधे कुठेतरी, शिवाय डोंगराच्या बाजूला एक पर्जन्यमापक. वरचा सेन्सर चढला, मग मधला चढला, की समजायचं पाणी निघालंय. आणि एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते, वरचा भराभर चढतोय आणि मधला मात्र चढत नाहीये असं दिसलं तर निश्चिंत होऊ नका, उलट तेव्हाच जास्त घाबरायचं, कारण मधल्या एखाद्या मोरीत झाडं, राडारोडा, गाद्या, काहीतरी अडकून पाणी मागे साठतंय आणि ते एकदम सुटलं किंवा भिंत फोडून निघालं की वीस मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

सेन्सर पाण्यात बुडवायचा नाही, गाळात जातो. पुलाच्या खालच्या बाजूला टांगून वरून अंतर मोजणारा घ्या. अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाजाचा प्रतिध्वनी मोजणारा, स्वस्त पडतो, रडारचा महाग पण वारा, धुकं, तापमान याने फारसा बिघडत नाही. इशारा नुसत्या पातळीवर ठेवू नका, दहा मिनिटात किती वाढलं यावर ठेवा. आणि इशारा फक्त मोबाईलवर नको, त्या रात्री लाईट गेली की टॉवर गेला, म्हणून बॅटरीवर चालणारा भोंगा वॉचमनच्या केबिनवर हवाच. भोंगा वाजला की कोणी कुठल्या दाराची बेल वाजवायची ते आधी ठरवून ठेवा, तळमजल्यावर एकटं कोण राहतं, चालता न येणारं कोण आहे, ही यादी वॉचमनकडे लिहून द्या. दोन-तीन वेळा उगाच वाजेल, तेव्हा लोक वैतागून बंद करायला सांगतील, त्यांना समजावून सांगणं हे सेन्सर लावण्यापेक्षा अवघड काम आहे.

पूल तुमच्या मालकीचा नाही, महापालिकेची लेखी परवानगी लागेल. एकट्या सोसायटीने जाण्यापेक्षा ओढ्याकाठच्या आठ-दहा सोसायट्या आणि वस्त्या मिळून जा, वर्गणीही कमी येईल. वस्तीतल्या लोकांकडे वर्गणी मागू नका, भोंगा मात्र त्यांच्याकडे पहिला लावा.

प्रश्न : आम्ही सिंहगड रोडला एकतानगरीत राहतो. २५ जुलै २०२४ ला पहाटे पार्किंगमधल्या गाड्या बुडल्या, नंतर बोटी आल्या, लष्कर आलं. आमच्याकडे तर ओढा नाही, नदी आहे, धरणातून किती पाणी सोडायचं हे माणसंच ठरवतात ना, मग आम्हाला आधी का कळू नये? (नोकरदार, सिंहगड रोड)

उत्तर : तुमचा राग बरोबर आहे, आणि तुमचा प्रश्न ओढ्यापेक्षा एका अर्थी सोपा आहे कारण धरणाचा विसर्ग मोजलेला असतो आणि जाहीरही होतो. अडचण अशी की तो क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर. त्या दिवशी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला होता, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर, आपल्याकडे सोसायटीत येतो तसे दहा हजार लिटरचे शंभर टँकर, दर सेकंदाला. पण हे ऐकूनही तुम्हाला कळत नाही की गाडी काढायची का नाही.

हवंय ते असं की इतक्या क्युसेकला पाणी तुमच्या बिल्डिंगच्या कितव्या पायरीला येतं. याला पूर नकाशे म्हणतात. नदीच्या पात्राची आणि काठाची नीट मोजणी करून, ड्रोनने किंवा लेझरने, कॉम्प्युटरवर २० हजार, ३० हजार, ४० हजार क्युसेक सोडून बघायचं आणि प्रत्येक आकड्याला कोणती गल्ली भिजते ते काढायचं. मग विसर्गाचा मेसेज "पस्तीस हजार क्युसेक" असा न येता "तुमच्या पार्किंगमध्ये दोन तासांत गुडघाभर" असा येऊ शकतो. मुंबईसाठी जून २०२० मध्ये आयफ्लोज नावाची पूर इशारा यंत्रणा सुरू झाली, तिच्यात पावसाचा अंदाज, भरती-ओहोटी, नाल्यांची मापं असं सगळं एकत्र करून वॉर्डनुसार अंदाज काढतात. पुण्याला भरती नाही पण चार धरणं आहेत.

आणि ती चार धरणं समजून घ्या. पानशेत, वरसगाव, टेमघर वर आहेत आणि खडकवासला सगळ्यात खाली, ते मात्र लहान, त्याची साठवण दोन टीएमसीच्याही (म्हणजे दोन अब्ज घनफुटांच्याही) आत. ३५ हजार क्युसेकने पाणी आत येत राहिलं तर अगदी रिकामं खडकवासलासुद्धा सोळा तासांत भरेल, आणि जुलैअखेर ते रिकामं कधीच नसतं. म्हणून पाणी दाबून ठेवायला तिथे जागा नाही. घाटात पाऊस पडतोय तेव्हाच येणारं पाणी ओळखून दिवसाउजेडी थोडं थोडं आधीपासून सोडत राहणं एवढाच मार्ग उरतो, त्यासाठी घाटातले स्वयंचलित पर्जन्यमापक आणि नद्यांवरचे पातळी सेन्सर दर पंधरा मिनिटांनी आकडे देत राहिले पाहिजेत. खडकवासल्याच्या खाली जे ओढे नदीला मिळतात त्यांचं पाणी विसर्गाच्या आकड्यात नसतं, हे पण लक्षात ठेवा.

नकाशे येईपर्यंत एक काम तुम्हीच करा. पार्किंगच्या खांबावर ऑइलपेंटने २०२४ ची रेषा मारा, शेजारी विसर्गाचा आकडा लिहा. पुढच्या प्रत्येक वेळी पाणी जिथवर येईल तिथे रेघ आणि आकडा. तीन-चार पावसाळ्यांत तुमच्या बिल्डिंगचा स्वतःचा पूर नकाशा खांबावर तयार होईल. निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते हेही बघून घ्या, निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या पुराची. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे यंदा आला की पंचवीस वर्षं सुट्टी असं नाही, दर वर्षी चार टक्के शक्यता, लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो.

प्रश्न : आमच्या चौकात अर्धा तास पाऊस पडला तरी तळं होतं. तक्रार केली की माणसं येतात, बांबूने जाळी उकरतात, तक्रार बंद झाल्याचा मेसेज येतो, पुढच्या पावसात परत तेच. चेंबरमध्ये सेन्सर बसवले तर हे थांबेल का? (दुकानदार, वडगाव शेरी)

उत्तर : सेन्सर गाळ काढत नाही, पण तो खोटं बोलत नाही आणि इथे तेच कामाचं आहे.

कसं ते सांगतो. पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये पातळी मोजणारा सेन्सर ठेवला आणि जवळ पर्जन्यमापक असला की प्रत्येक पावसाचा एक आलेख मिळतो. लाईन मोकळी असेल तर पाऊस वाढला की पातळी चढते आणि पाऊस थांबला की थोड्याच वेळात उतरते. लाईन चोकअप असेल तर लहानशा पावसातही पातळी चढते आणि पाऊस थांबल्यावर तासन्तास तशीच राहते. आणि पाऊस नसतानाच चेंबरमध्ये पाणी वाहताना दिसलं तर कोणीतरी ड्रेनेजची लाईन पावसाळी गटारात जोडलेली आहे, हे तर आपल्याकडे सर्रास. या तिन्हीला उपाय वेगवेगळे आहेत, पहिल्याला काही करायचं नाही, दुसऱ्याला जोरात पाणी मारून गाळ काढणारं जेटिंग मशीन, तिसऱ्याला जोड तोडायचा. आत्ता तिन्हीला बांबू.

म्हणजे नालेसफाई खरंच झाली का हे मे महिन्यातल्या फोटोवरून ठरवण्याऐवजी जूनच्या पहिल्या पावसातल्या आलेखावरून ठरवता येतं, ठेकेदाराचं बिलसुद्धा. अमेरिकेत साऊथ बेंड नावाचं एक मध्यम शहर आहे, तिथे ड्रेनेज लाईनमध्ये शंभरावर सेन्सर आणि आपोआप उघडझाप होणारे व्हॉल्व्ह बसवून भरलेल्या लाईनचं पाणी रिकाम्या लाईनकडे वळवतात, त्याने नदीत ओसंडून जाणारं सांडपाणी पुष्कळ कमी झालं. पण आपल्याकडे आधी कुठली लाईन कुठे जाते याचा नकाशा पक्का पाहिजे, जुन्या भागात तर रस्त्याचे इतके थर चढलेत की काही चेंबर डांबराखाली गेलेत.

तुमच्या चौकाबद्दल मला वेगळीच शंका आहे. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी रस्ता काँक्रीटचा झाला आणि तेव्हापासून त्रास वाढला. पाणी सोडून बघा, एक बादली रस्त्याच्या मधोमध ओता आणि ते जाळीकडे जातं का बघा. जाळी रस्त्यापेक्षा बोटभर वर राहिली असेल तर आतली लाईन कितीही स्वच्छ असो, पाणी तिथे चढून जाणार नाही. याचा व्हिडिओ काढून तक्रारीला जोडा, "पाणी तुंबतं" एवढंच लिहिलं की बांबूवालेच येतात.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आम्ही चौघं रामनदीसाठी पाणी पातळीचा सेन्सर बनवतोय, टेबलवर मस्त चालतो, बाहेर लावला की काहीही आकडे देतो. काय चुकतंय? (विद्यार्थिनी, बावधन)

उत्तर : काही चुकत नाहीये बाळा, सगळ्यांचं असंच होतं, टेबलावर पाऊस पडत नाही ना.

तुम्ही अल्ट्रासॉनिक वापरताय. हवेत आवाजाचा वेग तापमानाने बदलतो, साधारण ३३१ अधिक तापमानाच्या ०.६ पट मीटर प्रति सेकंद. २० अंशाला ३४३ आणि ३५ अंशाला ३५२, म्हणजे अडीच टक्क्यांचा फरक. पाणी सेन्सरपासून तीन मीटर खाली असेल तर नुसत्या उन्हाने सात-आठ सेंटिमीटर पाणी वाढलं-उतरलं असं दिसेल. सोबत तापमानाचा सेन्सर लावा, आणि डबीवर सावली करा. दुसरं, वॉटरप्रूफ सेन्सरला अगदी जवळचं, वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, त्यामुळे महापुराच्या पाण्याच्या रेषेपेक्षा तो तेवढा तरी वर हवा, नाहीतर नेमक्या गरजेच्या वेळी आंधळा होईल. तिसरं, आवाज कोनात पसरत जातो, पुलाच्या खांबावर किंवा झुडपावर आपटून परत येतो, म्हणून भिंतीपासून लांब आडवा पाईप काढून त्याच्या टोकाला बसवा. चौथं कोळी. हसू नका, सेन्सरच्या तोंडावर जाळं विणलं की तो त्याचंच अंतर देतो, महिन्यातून एकदा कुंचा फिरवायला लागतोच.

एक आकडा घेऊन पाठवू नका. दहा वेळा मोजा, चढत्या क्रमाने लावा, मधला घ्या. वाय-फाय विसरा, लोरा वापरा, म्हणजे कमी बॅटरीत लांबवर थोडेसे आकडे पाठवणारा रेडिओ, आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही, वस्तीतून एक-दोन किलोमीटर आरामात जातं. एरवी पंधरा मिनिटांनी आणि पातळी चढायला लागली की मिनिटाला पाठवायचं, बॅटरी टिकते. शिवाय पुलाच्या खांबावर मोजपट्टी रंगवा आणि आठवड्यातून एकदा डोळ्यांनी बघून वहीत लिहा, तुमचा सेन्सर बरोबर आहे हे सिद्ध करायला दुसरं काही लागत नाही. पुराच्या वेळी मात्र नदीजवळ जाऊन मोजायचं नाही, दुरून फोटो. कॉलेज संपताना तो सेन्सर कोणाच्या हवाली करणार ते आत्ताच ठरवा, प्रोजेक्ट सबमिट झाला की असे किती डबे पुलाखाली मरून पडलेले मी बघितलेत, जीव तुटतो.

प्रश्न : आमची दोन एकराची सोसायटी, दोन बेसमेंट. दर पावसाळ्यात खालचं बेसमेंट भरतं. सेन्सरवर चालणारे मोठे पंप घेऊ का? (सोसायटी चेअरमन, बाणेर)

उत्तर : पंप घ्या, पण आधी पाणी बाहेर अडवा. दोन एकर म्हणजे आठ हजार चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तर तासात पन्नास मिलिमीटर पडला की तुमच्याच आवारात चार लाख लिटर, चाळीस टँकर. सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक आणि काँक्रीट असल्यामुळे त्यातलं बहुतेक वाहणारच आणि सगळ्यात खोल जागा तुमचं बेसमेंट. रॅम्पच्या तोंडाशी सहा-नऊ इंचाचा उंचवटा आणि आडवी जाळी, आणि बाहेरच्या गटाराला जिथे लाईन जोडलीय तिथे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर रस्त्याचं गटार भरलं की तेच पाणी उलटं तुमच्याकडे येतं आणि पंप रस्त्यावरचं पाणी रस्त्यावर फेकत बसतो.

मला खरी गंमत वाटते ती पावसाच्या टाकीत. तुमच्याकडे गच्चीच्या पाण्याची टाकी आहे असं लिहिलंय, ती जुलैत भरते आणि मग पावसाळाभर भरलेलीच राहते, मोठा पाऊस आला की तिचा काही उपयोग नाही. तिला एक मोटरचा व्हॉल्व्ह लावा, ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की पाऊस सुरू व्हायच्या आधी ती बागेला, फ्लशला, नाहीतर गटार रिकामं असताना गटारात रिकामी करा. मग लाख-दीड लाख लिटर पाऊस तुमच्याच टाकीत मावेल, रस्त्यावर जाणार नाही. बाणेरमधल्या शंभर सोसायट्यांनी हे एकाच वेळी केलं तर खालच्या रस्त्याला फरक दिसेल असं मला मनापासून वाटतं. नुसत्या शोषखड्ड्यावर विसंबू नका, आपल्याखाली काळा पाषाण आहे, भेग नसेल तर तासाभरात काही मुरत नाही.

पंपाला फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणारे, दोन ठेवा, एक अडकला तर दुसरा. पंपाचं पॅनल आणि मीटर रूम वर, बेसमेंटमध्ये नाही. लिफ्टला सांगता येतं की खाली पाणी आलं तर वरच्या मजल्यावर जाऊन थांब, ते करून घ्या. आणि गाडी काढायला पाण्यात कोणी उतरायचं नाही हा नियम लेखी करा, २५ जुलै २०२४ ला डेक्कनजवळ पाण्यातल्या विजेने तीन जण गेलेत.

प्रश्न : जपानमध्ये जमिनीखाली केवढे बोगदे आहेत, पुण्यात का नाही? (निवृत्त शिक्षक, कोथरूड)

उत्तर : टोकियोच्या उत्तरेला कासुकाबेला आहे ते, २००६ मध्ये पूर्ण झालं, देवळाच्या सभामंडपासारखे खांब असलेली टाकी आणि लांबलचक बोगदा. पण तो भाग सपाट आणि सखल आहे, पाणी पंपाने उचलल्याशिवाय जातच नाही. क्वालालंपूरला बोगद्यातून एरवी गाड्या जातात आणि पुरात पाणी. मुंबईला हिंदमाता चौकात तुंबणाऱ्या पाण्यासाठी जमिनीखाली टाक्या केल्यात, तिथे भरतीचा प्रश्न. आपल्याला उतार फुकट मिळालाय, कात्रजपासून संगमापर्यंत पाणी आपणहून जातं, फक्त वाट द्यायची. मी तरी बोगद्याआधी ओढ्यांची रुंदी आणि कात्रज, पाषाणसारखे तलाव पावसाआधी थोडे उतरवून ठेवणं मागेन.

प्रश्न : ऑफिसमधून टू-व्हीलरवर निघताना ॲपवर काही नसतं आणि पोचेपर्यंत धो धो. रडार असताना असं का? (हडपसर)

उत्तर : मुंबईच्या रडारवरून बघत असाल तर ते आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब, मधे सह्याद्री. किरण थोडा वर मारावा लागतो आणि पृथ्वी गोल, त्यामुळे पुण्यावर येईपर्यंत तो दीड-दोन किलोमीटर वर गेलेला असतो, त्याच्या खाली जे चाललंय ते त्याला दिसत नाही. ऑक्टोबरातले ढग तर तासाभरात इथेच वाढतात. म्हणून दिवसभराच्या अंदाजापेक्षा हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज बघा, तो निघायच्या वेळी बघा, सकाळी नाही. रंगांचा अर्थ येलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे लगेच पावलं उचला, सुरक्षित जागी थांबा. आणि हो, रस्त्यावर वाहतं पाणी असेल आणि तळ दिसत नसेल तर गाडी घालू नका, झाकण उघडं आहे का ते कुठल्याही ॲपला कळत नाही. ऑफिसात तासभर जास्त थांबा.

प्रश्न : मी वय वर्षं ७८. पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, शाळेत होतो, ते पाणी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून सवय लागली, घरासमोर कधी किती पाणी साठलं ते वहीत लिहितो. चार वह्या झाल्या. मुलं म्हणतात आता सेन्सरचा जमाना आहे, रद्दीत द्या. काही उपयोग आहे का हो याचा? (शनिवार पेठ)

उत्तर : काका, रद्दीत देऊ नका, हात जोडून सांगतो.

मघाशी पूर नकाशांबद्दल लिहिलं ना, ते कॉम्प्युटरवर काढलेले नकाशे बरोबर आहेत का हे तपासायचं कशावर? कॉम्प्युटर म्हणतो या पावसात या चौकात दीड फूट पाणी होतं, पण खरंच होतं का हे सांगायला कोणीतरी तिथे असावं लागतं. सेन्सर आत्ता लावला तर त्याच्याकडे आजपासूनचे आकडे, तुमच्या वहीत साठ वर्षं आहेत, आणि तीही अशा भागातली जिथे रस्ते, पूल, नदीकाठ सगळं त्या काळात बदललं. पूल झाल्यावर पाणी वाढलं का, गटार टाकल्यावर कमी झालं का, हे तुमच्याकडून कळेल.

इथून पुढे लिहाल तेव्हा चारच गोष्टी लिहा, पाणी यायला किती वाजता लागलं, सगळ्यात जास्त कुठवर आलं, पायरी किंवा खांब अशा न हलणाऱ्या खुणेपासून किती बोटं, आणि ओसरलं कधी. ओसरायची वेळ बहुतेक जण लिहीत नाहीत पण आतली लाईन चोकअप आहे का ते त्यावरूनच कळतं. पाऊस मोजायचा असेल तर सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा कुठलाही डबा गच्चीवर उघड्यावर ठेवा, झाडापासून लांब, आणि सकाळी साडेआठला पट्टीने मोजा, हवामान खातंही त्याच वेळी मोजतं.

नातवाला सांगून चारही वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या, पहिल्या वहीपासून सुरू करा, ती सगळ्यात जास्त झिजली असेल. फोटो आमच्या कचेरीच्या पत्त्यावर पेन ड्राइव्हमध्ये पाठवा, मूळ वह्या मात्र घरीच ठेवा. बावधनच्या त्या मुलीला मी तुमच्याबद्दल कळवतोय, ती आणि तिचे मित्र सगळे आकडे कॉम्प्युटरवर उतरवून देतील, फक्त तुमचं अक्षर कुठे लागलं नाही तर त्यांना फोनवर सांगा.